नववा खण

ऑल्डन पास्कोचं डोकं बावीस वर्षं रेनो हिएतालाच्या हातात होतं, पण रेनो कसा माणूस होता असं कुणी विचारलं, तर सांगण्यासारखं ऑल्डनकडे फार काही नव्हतं. दर तीन आठवड्यांनी खुर्चीत बसायचं आणि समोरच्या आरशात जेवढा रेनो दिसेल तेवढा बघायचा. पांढरा अंगरखा, जाड भुवया आणि कात्री. तो अविवाहित होता, लेम्पी नावाच्या बहिणीबरोबर राहायचा आणि तळं गोठलं की बर्फाला भोक पाडून मासे धरायचा. एवढं तर गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

ऑल्डन शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. दर शरदात तो वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून गावातल्या म्हाताऱ्यांना औषधांची विमा योजना निवडून द्यायचा. पासष्टीनंतर सरकारी विमा मिळतो, पण औषधांसाठी कंपन्यांच्या योजनांतून एक निवडावी लागते आणि प्रत्येकीची औषधांची यादी वेगळी असते. आपली गोळी यादीत नसेल, तर खिशातून भरायचं. डिसेंबरची सात तारीख उलटली, की निवडलेली योजना जानेवारीपासून वर्षभर गळ्यात. म्हणून लोक घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन यायचे आणि ऑल्डन एकेक नाव संगणकात भरायचा.

त्या वर्षी रेनो पहिल्यांदाच आला. बाटल्या त्याने गळ ठेवायच्या पेटीतून आणल्या होत्या.

"मास्तर, आज तू माझी हजामत कर," तो म्हणाला.

"एवढ्या बाटल्या? दुकान काढतोस की काय?"

"म्हातारपण फुकट मिळतं होय रे?"

पेटीला नऊ खण होते आणि बाटल्या आठ. रक्तदाबाची, साखरेची, गुडघ्याची. नवव्या खणाच्या तळाशी धुळीत बाटलीच्या बुडाएवढा स्वच्छ गोल उमटला होता. ऑल्डनला तो दिसला. मागच्या खुर्चीवर पोस्टातल्या बाई आपल्या नंबराची वाट बघत बसल्या होत्या, आणि त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होई.

"अजून काही?" ऑल्डनने विचारलं.

"बस. एवढंच."

प्रशिक्षणात सांगितलं होतं, तीनदा विचारा, लोक विसरतात, लाजतात. ऑल्डनने एकदाच विचारलं. दुसऱ्याच्या पेटीत डोकावणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. संगणकाने सर्वांत वर जी योजना दाखवली, तिच्या अर्जावर रेनोने सही केली. सही करताना उजवं मनगट त्याने डाव्या हाताने धरलं होतं. तेही ऑल्डनला दिसलं.

जानेवारीच्या शेवटी कात्री ऑल्डनच्या कानाला लागली. रक्ताचा एक थेंब गळ्याभोवतीच्या कापडावर पडला. आरशात रेनोचा हात दिसेना, तो खिशात गेला होता.

"मास्तर, हललास तू."

ऑल्डन तसूभरही हलला नव्हता. "हो," तो म्हणाला, "हललो खरा."

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या दारावर पाटी लागली, पाठीच्या दुखण्यामुळे बंद. मार्चमध्ये रेनो सौनाच्या, म्हणजे घराबाहेरच्या वाफेच्या न्हाणीच्या, पायरीवर पडला आणि चौथ्या दिवशी गेला. बर्फावर म्हातारी माणसं पडतातच, असं सगळे म्हणाले.

दफनानंतर लेम्पी ती पेटी घेऊन ऑल्डनकडे आली. उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. आता नवव्या खणात बाटली होती. हात थरथरतात त्यावरची गोळी, शेवटची आणलेली डिसेंबरात. आत अर्धे तुकडे होते आणि त्याहून जास्त पाव तुकडे, वस्तऱ्याने कापावेत तसे सरळ.

"मला नाही बोलला कधी," लेम्पी म्हणाली. "तुला बोलला होता का रे?"

"नाही."

"थरथरत्या हाताखाली मान कोण देईल, असं वाटलं असेल त्याला."

ती गेल्यावर ऑल्डन वाचनालयात गेला. आठ नावं भरली, मग नववं. जी योजना शरदात दुसऱ्या क्रमांकावर होती ती वर आली. तिच्या यादीत ती गोळी होती. त्याने संगणक बंद केला, पण अजूनही कुणी बाटल्या घेऊन समोर बसलं, की तो आधी रिकामी जागा शोधतो. तीनदा विचारतो. लोक वैतागतात. दाढी करताना कधी कधी स्वतःच्या आरशात त्याला खांद्यामागे पांढरा अंगरखा उभा असल्यासारखं वाटतं, आणि तो मान वळवत नाही.

दोघांची शेवटची गाठ फेब्रुवारीत पोस्टाच्या दारात पडली होती. दुकान बंद होऊन तीन आठवडे झाले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. रेनोचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

"मास्तर, कानावर केस आलेत तुझ्या."

"हो ना. यायला हवं एकदा."

"गुरुवारी ये."

"गुरुवारी येतो."