दहा मैल उलटे

आमच्या जुन्या गाडीबद्दल अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत मी पुष्कळ फुशारक्या मारल्या. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही. तेवढा धीर यायला पन्नाशी उलटावी लागली.

१९८० साली गाव सोडून चाललेल्या एका विद्यार्थ्याकडून ती गाडी घेतली, तेव्हाच ती दमलेली होती. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठानं तिचा तळ खाल्ला होता. बायकोच्या पायाखाली भोक पडलं, त्यातून खालचा रस्ता पळताना दिसायचा. तिनं त्यावर लग्नात मिळालेलं स्टीलचं ताट ठोकून घेतलं, आत्याचं नाव कोरलेलं. कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू व्हायची नाही. मग ती साडीवर कोट चढवून उतरायची, बॉनेट उघडून कार्बुरेटरची अडकलेली झडप उघडी राहावी म्हणून तिच्यात ताकाची रवी उभी धरायची आणि मला म्हणायची, "हं, मारा आता." मी किल्ली फिरवायचो. इंजिनिअर मी होतो; गाडी तिनं चालवत ठेवली होती.

मैलांच्या आकड्याला पाचच घरं होती. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले की पुन्हा सगळी शून्यं. पहिला लाख पुरा झाला तेव्हा ती भावाच्या लग्नासाठी पुण्याला गेली होती. मी मोठ्या उत्साहानं पत्रातून कळवलं. तिच्या उत्तरात लग्नाची हकीकत दुसऱ्या पानावर होती. पहिली ओळ होती, "मी येईपर्यंत थांबता आलं नाही का?" मी वचन दिलं की दुसऱ्या लाखाला ती शेजारच्या सीटवर असेल.

सात वर्षांनी तोही दिवस जवळ आला. वीस मैल उरले होते. रविवारचा बेत ठरला, तिनं कॅमेऱ्यात नवा रोल घातला, दुधाच्या पावडरचे पेढे वळले. आणि गुरुवारी दुपारी, लॅबमध्ये काम आहे असं सांगून, मी शेजारच्या गावी नवी गाडी बघायला गेलो.

मला आमच्या जुन्या गाडीची लाज वाटायची. इतकं साधं होतं ते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी ती अगदी कडेला लावायचो.

जाऊन येऊन चौदा मैल, हिशेब चोख होता. पण परतताना घरी काय सांगायचं याची मनात तालीम चालली होती, त्या नादात हायवेवरून उतरायचा एक्झिट चुकला. पंधरा मैलांचा वळसा पडला. गावाजवळ येऊन बघतो तर आकड्यात चार शून्यं आणि शेवटी सहा.

रिव्हर्स घेताना आमच्या गाडीचा आकडा मागे सरकतो, हे मला ठाऊक होतं. घर तीन मैलांवर, म्हणजे दारात पोचेपर्यंत नऊ होणार. आधी दहा मैल उलटं गेलं की रविवारसाठी एक मैल उरत होता. स्टेडियमचं भलं थोरलं पार्किंग रिकामं होतं. मान मागे वळवून मी गोल गोल फिरू लागलो.

पाचव्या-सहाव्या मैलाला युनिव्हर्सिटीचा पोलीस आला. या देशात मैलांचा आकडा मागे फिरवणं गुन्हा आहे, एवढंच मला आठवत होतं. घाबरून मी त्याला सगळं खरं सांगितलं, अगदी पेढ्यांसकट. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "त्या खांबापाशी खड्डा आहे. बेतानं."

रविवारी घरापासून मैलभराच्या आत शून्यं आली. तिनं फोटो काढला, डॅशबोर्डला पेढा दाखवला, डोळे पुसले. मागच्या सीटवरून आमची मुलगी म्हणाली, "कॅन वी गो होम नाउ?" माझी मान आखडली होती. संध्याकाळी बायको बाम चोळत म्हणाली, किती काम करता, आणि आता तीन लाख करूया. नको कुठल्या तोंडानं म्हणणार? आणखी चार हिवाळे ती गाडी मी चालवली.

गेल्या महिन्यात चहा घेता घेता मी तिला सगळं सांगून टाकलं. नवी गाडी, वळसा, पोलीस, सगळं. कपातल्या चहावर साय धरली.

मग तिनं विचारलं, "त्या गुरुवारी शून्यं आली, तेव्हा तुम्ही तरी बघितलीत का?"

"नाही. रस्त्यावरच्या पाट्या वाचत होतो."

"मग झालं तर. कुणीच नाही बघितली. रविवारी आपण दोघांनी बघितली."

थोड्या वेळानं कपबशा उचलताना तिनं त्या नव्या गाडीचा रंग विचारला. निळा होता, तिच्या आवडीचा. मी आठवत नाही म्हणालो.