बिनआवाजाचा कॉम्प्रेसर

माझं माहेर हमरापूरचं. आमच्या गणपतीच्या कारखान्यात आईबाबांचं आयुष्य गेलं आणि माझं लहानपण गुलाबी धुरळ्यात. दुपारी कॉम्प्रेसर धडधडायचा, बाबा स्प्रेनं मूर्तींच्या अंगावर छटा मारायचे आणि तो रंग उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायचा. मी पेंढ्यावर पडून तो बघत बघत झोपून जायचे. उठले की पापण्या गुलाबी. अजूनही डोळे मिटले की ती दुपार दिसते, आणि खरं सांगते, तिथून परत यावंसंच वाटत नाही.

आता मी रोह्यात. नवरा कंपनीत, नाइट शिफ्ट करून आला की दुपारपर्यंत घोरतो. मला छंद लागलाय माहेरून आणलेले मातीचे छोटे उंदीर रंगवायचा. नवरा म्हणतो, लोक घरातून उंदीर घालवतात, ही आणते. म्हणू दे. कुंचल्यानं पाठीवरची छटा काही केल्या मऊ उतरेना, म्हणून एअरब्रश घेतला, पेनाएवढा स्प्रेच तो. त्याला हवा द्यायला कॉम्प्रेसर हवा होता.

त्यातच बाबा माझ्याकडे राहायला आले. आई गेल्यापासून त्यांनी स्प्रे हातात धरला नव्हता. कान तर त्या धडधडीनं कधीचेच गेलेले, जवळ जाऊन ओरडावं लागतं. दिवसभर नुसते बसून असायचे, चहा दिला की प्यायचे. मला ते बघवत नव्हतं. कॉम्प्रेसर घरात आला की त्यांचे हात शिवशिवतील, एवढीच माझी आशा. म्हणून निवडायला त्यांनाच पेणला घेऊन गेले.

दुकानदारानं आधी बिनटाकीचा पिटुकला काढला. मीच नको म्हटलं. त्याची हवा उचक्या दिल्यासारखी येते, रंग सारखा बसत नाही. मग टाकीचा, बिनआवाजाचा. आपल्याकडच्या दमट हवेत टाकीत पाणी साठतं, ते रंगात उडू नये म्हणून त्याला फिल्टरही होता. चालू केला तर नुसती गुणगुण. मी मनातल्या मनात तोच घेऊन टाकला. नवऱ्याची झोप शाबूत, शेजारणीची कटकट नाही. कसा वाटतो, म्हणून बाबांना खुणेनं विचारलं.

ते वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, "चालू कर, सांग की गो त्याला."

"चालूच आहे, बाबा," मी कानाशी ओरडले.

त्यांनी टाकीवर तळवा ठेवून बघितला आणि बाजूला झाले. तेवढ्यात मागे एका गॅरेजवाल्याला दाखवायला दुकानातल्या माणसानं पट्ट्यावर चालणारा मोठा कॉम्प्रेसर सुरू केला. दुकान हादरलं. मी कानांवर हात ठेवले. आणि बाबा हळूच वळले, झोपेत कुणी हाक मारावी तसे.

"ह्याचा आवाज येतो गो मला," ते म्हणाले.

ह्याच मेल्या आवाजानं त्यांचे कान खाल्ले. असा संताप आला की त्या धुडाला लाथ घालावी. आणि रडूही आलं. दुकानदार म्हणत होता, ताई, उंदरांना एवढा कशाला? मी म्हटलं, हाच बांधून द्या.

नवऱ्यानं पहिल्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला. आता तो मागच्या खोलीत दार लावून, कानात बोळे घालून झोपतो. दुपारी पडवीत मी आणि बाबा. ते उंदराच्या पाठीवर राखाडी छटा मारतात, इतकी मऊ की हात फिरवावासा वाटतो. ऊन सरकत सरकत पायरीवरून खाली उतरतं.

पण एअरब्रशला हवा लागते चिमूटभर. टाकी भरली की मोटर थांबते, आणि मग टाकीतली हवा उतरेपर्यंत बराच वेळ सुरू होत नाही. काल अशीच थांबली. बाबांनी उंदीर खाली ठेवला, ब्रशमधला रंग ओतून टाकला, आणि आपल्याच तळहातावर नुसती हवा सोडत बसले, मोटर पुन्हा धडधडेपर्यंत.