देव्हाऱ्याची दारं

थोरल्या जावेचा मला हेवा वाटायचा. लग्न होऊन वळ गावात आले तेव्हा ती त्या घरात मुरलेली होती. मीठ कुठे, चाव्या कुठे, कोणाला किती तिखट चालतं, सगळं तिला ठाऊक. मी विचारायचे आणि ती न बघताच हात लांबवून वस्तू पुढे करायची. तेवढ्यानंही मला लागायचं.

पुढे सासूबाईंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, त्या माजघरातल्या खाटेवर पडून राहिल्या. मी आणि माझे मिस्टर दोघं गोदामात कामाला होतो. मी पॅकिंगला, सकाळच्या शिफ्टला. थोरले दीर टेम्पो चालवायचे. म्हणजे दिवसभर सासूबाईंजवळ जाऊ एकटीच. येणारा-जाणारा तिचंच नाव घ्यायचा. पूर्ण्याहून नणंद दर रविवारी यायची आणि आल्याआल्या म्हणायची, "आयेची सेवा करावी तर वयनीनं!" मी ड्युटीवरून आल्यावर सासूबाईंचे पाय चोळायचे, त्यांचे केस विंचरायचे. ते बघायला कोणी नसायचं.

त्यात जाऊ देवभक्त. खाटेच्या समोरच लाकडी देव्हारा होता, त्याला दोन छोटी दारं. पहाटे अंघोळ करून ती देवांना अंघोळ घालायची, जास्वंद वाहायची, घरभर धूप फिरवायची. मला तर उदबत्ती लावून बसची वेळ गाठायची असायची. देवही तिच्याच बाजूचा असणार, असं माझ्या मनात येई.

एका दुपारी गोदामातली लाइट गेली ती आलीच नाही. सुपरवायझरनं अर्ध्यात घरी सोडलं. मागच्या दारानं घरात शिरले तेव्हा जाऊ देव्हाऱ्यापुढे उभी होती. तिनं हात जोडले, मग दोन्ही दारं ओढून घेतली आणि कडी लावली. दुपारी देव्हारा कशाला बंद करतेय, म्हणून मी थांबले.

ती खाटेजवळ गेली. सासूबाईंच्या डाव्या हाताशी पाण्याचा तांब्या होता. तो तिनं उचलून खिडकीत नेऊन ठेवला.

"थोडं दे गो," सासूबाई म्हणाल्या. "घसा सुकलाय."

"संध्याकाळी देते, आई. आता प्यायलात तर सगळं भिजवाल. मला न्हाय आता उचलाया होत."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. हे रोजचंच असावं, हे त्यावरून कळलं.

मी पुढे झाले, खिडकीतला तांब्या घेतला, सासूबाईंच्या मानेखाली हात घालून पाणी पाजलं. त्या घटाघटा प्यायल्या, अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं. जाऊ भिंतीला टेकून उभी. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

मला राग यायला हवा होता. तो आलाही, पण नंतर. आधी झाला तो आनंद. सापडली, असं वाटलं. येत्या रविवारी नणंदेसमोर काय बोलायचं, कुठल्या शब्दानं सुरुवात करायची, हे मी पॅकिंग करताना रोज जुळवत होते. दुपारचं पाणी जाऊ आता वेळेवर देत होती, मी चौकशी करत होते. तरी माझी तयारी काही थांबली नाही.

रविवारी नणंद आली. भाकऱ्यांचं गाठोडं सोडता सोडता नेहमीचं वाक्य बोलली. मी तोंड उघडणार, एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"त्या देव्हाऱ्याची दारं काढून टाका."

"का गो आये?" नणंदेनं विचारलं.

"रोज दुपारी थोरलीला उठून लावाया लागतात. उगा तरास." सासूबाई एकेक शब्द ओढत होत्या. "त्याला बंद दारातनं बी दिसतंय."

नणंदेला काहीच कळलं नाही. जाऊ मात्र मटकन खाली बसली. "मी आईंना दुपारचं पाणी देत नव्हते," ती म्हणाली. "अंथरूण बदलावं लागू नये म्हणून. देवानं बघू नये म्हणून दारं लावायचे."

नणंद उठलीच. "तुला लाज न्हाय वाटली? माझी आये तहानेनं तडफडत होती आणि तू..."

"कंबर मोडली माझी," जाऊ रडत म्हणाली. "कोणाला सांगू? सगळी म्हणत होती, सेवा करावी तर हिनं. मग न्हाय होत म्हणून कशी सांगू?"

आठवडाभर जुळवलेली माझी वाक्यं वाया गेली. तिचं पाप देवाला दिसलं होतं, तर पुठ्ठ्याचे खोके चिकटवताना मला सुटलेलं हसूही त्याला दिसलंच असणार, हे तेव्हा लक्षात आलं आणि मी मान खाली घातली.

सासूबाईंनी डावा हात उचलला. "थोरले, इकडं ये." जाऊ सरकत खाटेशी गेली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. एवढी वर्षं मी त्यांचे पाय चोळले होते, पण तो हात माझ्या डोक्यावर कधी आला नव्हता.

नंतर मी दुसरी शिफ्ट मागून घेतली. सकाळची अंघोळ, अंथरूण माझ्याकडे आलं, दुपारचं जावेकडे. रविवारी नणंद करू लागली. जावेची कंबर जरा सावरली. सासूबाईंना दोघींच्या हातचं पाणी सारखंच मिळालं, शेवटपर्यंत.

तरी सकाळी मी त्यांचं अंग पुसत असताना त्या विचारायच्याच, "थोरली उठली का गो?" मी म्हणायचे, "उठली, आई." आणि ओला फडका जरा जोरानं पिळायचे. जावेला त्यांनी माफ केलं होतं, त्यानं त्या दोघींत काहीतरी बांधलं गेलं होतं. मला माफ करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. त्याचाही मला हेवा वाटत राहिला.