राक्षसाचं जेवण

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. तरी अभ्यास सोडून गोष्टी लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो.

अमरावतीजवळच्या वलगावहून अकोल्याला आलो आणि होस्टेलवर जादूच्या राज्याची एक कादंबरी मोबाइलवर लिहू लागलो. तिच्यातल्या शूर नायकाला ढीगभर मित्र होते. खलनायक म्हणजे डोंगरातला राक्षस. एकेक प्रकरण मी धाकट्या बहिणीला पाठवायचो.

एकदा तिचा फोन आला. "दादा, तुया हिरो खोटा वाटते. इतके दोस्त कोनाले असतात? राक्षस मात्र खराच वाटते. भिंतीकडे तोंड करून जेवते, ते वाचून मले कसंतरी झालं."

मी हसण्यावारी नेलं. मेसमध्ये मीही तसाच बसायचो, सोबत कोणी नाही हे कोणाला दिसू नये म्हणून. घरी मात्र "मजेत आहे" एवढंच सांगायचो.

त्यानंतर मी पुढचं प्रकरण पाठवलं, तर बरेच दिवस तिचं उत्तरच नाही. तिला कंटाळा आला असेल, असं मला वाटलं. शेवटी एका रविवारी मेसेज आला: "आईले गोष्ट वाचून दाखवली. राक्षसाच्या जेवनाचं तिनं मले दोनदा वाचाले लावलं. आज सकायीच डबा घेऊन निंगाली. अमरावतीवरून अकोल्याच्या बसमदी बसली."