मॉलीला बुडवायचं होतं

मी दार पुरतं उघडायच्या आतच त्या विचारायच्या, "एक विचारू? पण खरं सांगशील?" प्रश्न नेहमी त्या लिहीत असलेल्या गोष्टीतलाच असायचा. लहान मुलगी अंधाराला घाबरते की अंधारातल्या आवाजाला? आई रागावली तर रडते की गप्प बसते? मी काहीतरी उत्तर द्यायचे. त्या चहा अर्धा टाकून जिना चढायच्या.

बहरीनमधल्या माहूज भागातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. आईवडील साताऱ्याचे, जन्म इंग्लंडातला. मुलांसाठी इंग्रजीत कादंबऱ्या लिहायच्या, पण माझ्याशी आईकडून शिकलेलं जुनं मराठी बोलायच्या. नाश्त्याला न्याहारी म्हणायच्या. यजमान इथल्या मीना सलमान बंदरात इंजिनिअर, म्हणून त्या बहरीनला आलेल्या. मी त्यांना ताई म्हणायचे.

त्यांची सुरुवातीची पुस्तकं फारशी कुणी वाचली नाहीत. मग मॉली आली, कालव्यातल्या होडीवर आजोबांबरोबर राहणारी मुलगी. पुस्तक गाजलं, तिकडच्या एका वाहिनीने त्यावर मालिका काढली, पटकथाही ताईंनीच लिहिल्या. पण करार करताना त्यांनी मॉलीचे सगळे हक्क देऊन टाकले होते, नावासकट. पुढे वाहिनीने दुसरे लेखक नेमले आणि ताईंना स्वतःच्याच मॉलीवर एक ओळ लिहायची सोय राहिली नाही.

एका शुक्रवारी सकाळी आल्या आणि काहीच न विचारता बसून राहिल्या. वाहिनीचा फोन आला होता. मालिका बंद करायची होती. शेवटी होडी उलटणार, मॉली बुडणार.

"शेवटचा भाग मी लिहावा म्हणतात. मान म्हणून."

"नाही म्हणा ना, ताई."

"मग दुसरं कुणीतरी बुडवेल तिला. आणि त्याला हेही ठाऊक नसेल की ती पाण्याला घाबरते."

शेवटी त्यांनी लिहिलं, पण मॉलीला सुखरूप काठावर उतरवून. भाग पाठवला आणि वाट बघणं सुरू झालं. वाट बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ताईंचं काही निराळंच होतं. सारखं बघणं होऊ नये म्हणून त्या फोन तांदळाच्या डब्यात ठेवायच्या आणि झाकण उघडायला पुन्हा पुन्हा उठायच्या. वर त्यांच्या चपला खिडकीपासून दारापर्यंत वाजत राहायच्या. खाली कणीक मळताना माझे हात थांबायचे. यजमान जिन्यात भेटले तेव्हा हळूच म्हणाले, "जरा वर जाऊन बसाल का? दोन घासांवर उठते. माझ्याशी बोलतही नाही."

उत्तर आलं तेव्हा मी तिथेच होते. ताईंनी वाचलं.

"शेवट फिका वाटतो म्हणतात."

"मग आता?"

"मालिकेवरून माझं नाव काढा म्हणून कळवते." आणि उभ्या उभ्याच त्यांनी तसं कळवलंही.

दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला तो भाग मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाहिला. मॉली बुडाली. डबा तसाच राहिला.

काही महिन्यांनी यजमानांचं इथलं काम संपलं. तोवर ताईंनी नवं काहीतरी लिहायला घेतलं होतं. निघायच्या दिवशी लिफ्टपाशी मी विचारलं, "या वेळी कोण आहे गोष्टीत?"

"एक मुलगीच."

"नाव काय तिचं?"

"ठेवलं नाही. नाव ठेवलं की कुणीतरी मागायला येतं."

बाकीच्या बॅगा ड्रायव्हरने नेल्या. लॅपटॉपच्या पिशवीला मात्र ताईंनी त्याला हात लावू दिला नाही. ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या लिफ्टमध्ये शिरल्या.