विमलच्या पुढून गेलेली थाळी

विमल शांतवन भालेरावकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या मिटलेल्या डोळ्यांमुळे. १९८८ साल. नवीन जालन्यातल्या आमच्या शाळेत ती पहिलीच्या वर्गावर नुकतीच रुजू झाली होती. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे जेवायला बसलो, आणि ही डबा न उघडता डोळे मिटून बसली.

“बाई, देवाला जल्दी आवरायला सांगा,” राधेश्याम सर म्हणाले, “भाजी थंड होऊन राह्यली.”

“देवाला घाई न्हाई सर, तुम्हाला आहे,” ती डोळे न उघडता म्हणाली.

त्या दिवसापासून आमची मैत्री जमली. पुढची कितीतरी वर्षं आम्ही एका बाकावर डबा खाल्ला. तिच्या हातचं वांग्याचं भरीत मी अजून विसरलेले नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी मात्र ती घंटा होताच निघायची. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा विधी असे, आणि त्यासाठीची भाकर तिच्या घरून जायची. भाकर म्हणजे मैद्याची जाडसर पोळी. तिचे बारीक चौकोनी तुकडे थाळीत ठेवतात आणि मंडळीतले, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांतले वडीलधारे ती थाळी बाकाबाकाशी फिरवतात. हे काम आधी तिच्या आईकडे होतं.

लग्न दोन वर्षांनी झालं, रत्नाकरशी. नोकरी त्याची औरंगाबादला. पाच वर्षांनी तिथे त्याने दुसरं घर मांडलं. विमलने नऊ वर्षं वाट पाहिली, कधी कुणापाशी रडली नाही. तिकडच्या मुलीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तो संमतीच्या घटस्फोटाचे कागद घेऊन आला.

“लेकराला सरळ नाव मिळू दे,” एवढंच ती मला म्हणाली, आणि तिने सही केली. ते २००४ साल.

त्यानंतर तिने प्रभुभोजन घेणं बंद केलं. भाकर करायची, थाळी झाकून द्यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. मला वाटे, त्यांच्या धर्माने तिला मनाई केली असेल. विचारायचा धीर झाला नाही. मैत्रिणीने विचारायला हवं होतं.

अठरा वर्षं अशी गेली. ती निवृत्त झाली त्या वर्षी चर्चला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू आले, साळवे नावाचे, जेमतेम तिशीचे. एका संध्याकाळी मी तिच्याकडे चहाला बसले असताना ते आले. सोबत मंडळीतले वसंतराव, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत.

“मावशी, भाकर तुम्ही करता आणि घेत मात्र नाही,” पाळक म्हणाले. “मी जुनी इतिवृत्तं सगळी चाळली. तुम्हाला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवल्याचा ठराव कुठंच नाही. कुणी सांगितलं होतं?”

“सांगितलं न्हाई कुणी. सही झाल्यावरच्या पहिल्या रविवारी वसंतराव थाळी घेऊन आले अन् माझ्यापुढून निघून गेले. मंग मी समजले.”

वसंतरावांची काठी सुटता सुटता राहिली. “अगं पोरी, तू खाली मान घालून हात पदरात घेतल्ते! मला वाटलं, पाळकसाहेबांनी तुला घेऊ नको म्हणून सांगितलं असंल.”

मधल्या काळात तीन पाळक बदलून गेले. प्रत्येकाला वाटलं, आधीच्याने ठरवलं असेल.

विमलने बशी खाली ठेवली. मग म्हणाली, “ते राहू द्या. मला एवढंच सांगा, पाप झालं का न्हाई?”

पाळक म्हणाले, “काही मंडळ्या घटस्फोट मानतच नाहीत. काही म्हणतात, जोडीदाराने दुसरं घर केलं तर दुसरा मोकळा. लग्न मोडणं देवाला आवडत नाही, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे, मलाही. पण तुमचं लग्न मोडलं कधी? तुम्ही सही केली तेव्हा, की त्यांनी तिकडं घर मांडलं तेव्हा?”

“तरी सही माझी आहे. ती चांगली झाली असं मी म्हणणार न्हाई.”

“नका म्हणू. ती सही तशीच घेऊन या देवापुढं. मेज आपण बिनपाप्यांसाठी मांडतो का?”

“तसं असलं तर पहिलं मलाच उठावं लागंल,” वसंतराव म्हणाले. विमल हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या पहिल्या रविवारनंतर तिचा फोन आला. “बाई, वसंतराव थाळी घेऊन माझ्यापुढं थांबले. ह्या वेळी मी हात पदरात न्हाई घेतले, तुकडा उचलला.”

लग्न मोडणं पाप आहे, हे तिचं मत अजून तेच आहे. माझ्याशी ती यावर वाद घालते. आता ती एकसष्ट वर्षांची आहे, स्टेशनमागे दोन खोल्यांत एकटी राहते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन घेते.