फ्रिजमधले सहा कंद

माझं सासर सांगलीचं, जैन. घरात कांदा-लसूण येत नाही. मी पाटणकडची, कांदा-भाकरीवर वाढलेली. पण लग्नानंतर नऊ वर्षं कांदा तोंडात घातला नव्हता, माहेरी गेले तरी नाही. सक्ती कुणी केली नव्हती, मीच हौसेनं सोडला. हौस कसली, मूर्खपणा नुसता.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते. काश्मीरला असताना त्यांनी ट्यूलिप बघितलेला. गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं आणि एकच ध्यास घेतला, ते फूल पुन्हा बघायचं. जुन्या सोबत्याकडून सहा कंद मागवले आणि माझ्याकडे धाडले. लावण्याआधी कंदांना दोन-अडीच महिने फ्रिजचा गारवा लागतो, आणि माहेरी वीज कधी जाईल त्याचा नेम नाही.

मी ते कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या तळाशी ठेवले. नवऱ्याला दाखवून ठेवले. सासूबाईंना बोलले नाही. म्हटलं, उगीच कशाला वाद. तिथंच चुकले.

चातुर्मास चालू होता. एका सकाळी सासूबाईंनी फ्रिज पुसायला काढला आणि पिशवी उघडली. तपकिरी साल, निमुळतं टोक, कांदाच म्हणावा. मी आंघोळ करून येईपर्यंत कंद कचऱ्याच्या गाडीत गेले होते. मी नऊ वर्षं चोरून खात आले, असं सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. मी फुलाचं सांगितलं, तर म्हणाल्या, आता फुलं फ्रिजमध्ये उगवायला लागली काय. नवरा समोर चहा पीत होता. सगळं माहीत असलेला तो एकटा, आणि मिठाची गुळणी धरून बसला. नंतर म्हणाला, आईशी कोण वाद घालणार.

त्या दुपारी मी बाजारात जाऊन दोन प्लेट कांदाभजी घेतली. आळ आलाच आहे तर खाऊन तरी घ्यावं. पण एक घास खाल्ला आणि मेली तिथंच टाकून आले.

पुढं आबांचे फोन सुरू झाले. कंद लावलेस का, कोंब आला का. मी आपली हो हो म्हणत गेले. मग त्यांनी फोटो मागितला. मी इंटरनेटवरून एक लाल ट्यूलिप शोधला आणि घाईघाईनं पाठवून दिला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. फूल झकास आहे म्हणाले.

"मागं बर्फाचा डोंगर दिसतोय गं. सांगलीत बर्फ पडला व्हय?"

मी तो फोटो तेव्हा कुठं नीट बघितला.

"फुलाचं ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "तुला तिथं नीट वागवत्यात न्हवं?"

नवरा शेजारीच टीव्ही बघत बसला होता. मी म्हटलं, "व्हय आबा, लय चांगलं वागवत्यात."

आबांनी फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.